लॉर्डसाहेबांची जळकी बाही

कपडे मळलेले द्यावेत, फाटलेले द्यावेत, ढेकणांसकट द्यावेत, झिला एंटव्हिसलचं त्याबद्दल कधी काही म्हणणं नव्हतं. पण आपण जाळलेली बाही धुणंवालीच्या नावावर खपवायची, ही कुठली खानदानी रीत?

ईस्टरनंतरच्या आठवड्यात हवेलीवरून शर्ट परत आला, सोबत चिठ्ठी. झिलाला अक्षर ओळखता येत नसे. तिने सुनेकडून चिठ्ठी वाचून घेतली आणि लगेच दुसऱ्यांदा वाचून घेतली, कारण पहिल्यांदा तिचा कानांवर विश्वास बसला नाही. 'इस्त्री करणारीने निष्काळजीपणा केला आहे. यापुढे असे होऊ नये. लॉर्ड डेव्हरली.' खाली लाखेचा शिक्का, बशीएवढा.

"निष्काळजी!" झिला म्हणाली. "बावन्न वर्षं इस्त्री फिरवतेय मी. नवरा पुरला, सहा पोरं वाढवली, त्यातली तीन मातीत ठेवली, पण कुणाच्या कापडाला चटका म्हणून दिला नाही. आणि हा नोव्हेंबरात आलेला पाहुणा मला शिकवणार?"

"आई, हळू. पिलिंगबाई ऐकतील." हॅनाने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे पिलिंगांचं वाणसामानाचं दुकान होतं.

"ऐकू दे की. तिच्या परकरांबद्दल मी गावात बोलत नाही, हे तिने उपकार समजावेत."

तिने बाही दिव्याखाली धरली. दुपारचे दोन वाजले होते, पण क्रॉडेनमध्ये दुपारी दिवा लावण्याचं कुणाला नवल नसे. चौतीस गिरण्यांची धुराडी गावावर असं काळं छत धरून होती, की सूर्य म्हणजे दक्षिणेतल्या लोकांची काहीतरी चैन असावी असंच पोरांना वाटे. झिलाने बाही उलटीसुलटी केली. इस्त्रीने कापड वरून जळतं, तळव्याचा आकार उमटतो आणि त्या जागी कापड चकाकतं. ही बाही आतून जळली होती. कातडीची बाजू कोळसा झालेली, वरची नुसती करपलेली. बाहीने हाताला चटका दिला नव्हता, हाताने बाहीला दिला होता.

"हा काय स्वतःच पेटतो की काय?" ती म्हणाली. तिला अर्थ लागेना. पण पुरावा टाकून देणारी ती नव्हे. तिने शर्ट घडी करून तळाच्या कप्प्यात ठेवून दिला.

हवेलीच्या गाठोड्यांनी तसंही तिचं डोकं फिरवलं होतं. दर सोमवारी बारा शर्ट आणि तीसएक हातरुमाल यायचे. चादर कधी नाही, उशीचा अभ्रा नाही, झोपायचा सदरा नाही. जेवणाच्या टेबलाचं एक कापड नाही, कशावर रश्श्याचा थेंब नाही. चांगला सहा फुटी गडी, आणि सहा महिन्यांत याने अंथरूण मळवलं नाही की शिंतोडा उडवला नाही. शर्टांना बगलेत घामाचा पिवळेपणा नाही. पाठीला मात्र माती, आणि तीही लाल. क्रॉडेनची माती काळी. लाल माती फक्त जुन्या दफनभूमीतली, हे झिलाला नवरा पुरताना कळलं होतं. आणि रुमालांवर रक्त.

रक्ताचं तिला काही वाटत नसे. रक्ताला गार पाणी आणि मीठ. गरम लावलंत तर जन्माचा डाग. पण रक्त वाहायचं ते अंगात असलेल्याचं, आणि या गड्याच्या अंगात तर घामसुद्धा नव्हता. मग हे कुणाचं?

उत्तर तिच्या इस्त्रीच्या टेबलावरच पडलेलं होतं, म्हणायचं तर. लॉर्डसाहेब आल्यापासून ते गावातल्या चांगल्या घरच्या मुलींना हवेलीवर बोलवत. मोठ्या घरची रीतभात शिकवण्यासाठी, असं आयांना सांगितलं जाई. आणि त्याच मुलींच्या पोशाखांच्या कॉलरी उंच होत चालल्या होत्या. नाताळात दोन बोटं, ईस्टरला चार. उंच कॉलरीला खळ जास्त लागते, म्हणून झिला त्या नीट पाहायची. प्रत्येकीला आतून, डाव्या बाजूला, तांबूस दोन ठिपके.

ती पिलिंगबाईंकडे गेली. पिलिंगबाई साखर तोलत होत्या आणि गिऱ्हाइकाला आपल्या मुलीचं, आरबेलाचं, कौतुक सांगत होत्या.

"अर्धी वाटी सूप संपत नाही हो तिला आता! काल तर तीनदा चक्कर आली. एकदा जिन्यावर. इतकी नाजूक पडली, की मी धरायचं विसरून बघतच राहिले. कंबर सतरा इंच! आणि रंग? मेणबत्ती बरी."

"तिच्या कॉलरीत रक्त आहे," झिला म्हणाली.

"पिन लागली असेल."

"दर आठवड्याला? त्याच जागी? दोन-दोन?"

पिलिंगबाईंनी तराजू खाली ठेवला. "झिलाबाई, मोठ्या घरच्या मुली फिकटच असतात. त्यांच्यात तांबड्या गालांना गावंढळ म्हणतात. तुमच्या नातीला, लेटीला, थोडं कमी खायला घाला, म्हणजे कळेल."

"ते पिशाच आहे, पिलिंगबाई. रक्त पितं. माझी आजी सांगायची, असली असतात. उंबऱ्याच्या आत बोलावल्याशिवाय येत नाहीत, आणि बोलावलं की जात नाहीत."

"नऊशे वर्षांचं घराणं आहे त्यांचं!"

"घराणं नसेल, तो एकटाच असेल."

दुकानातल्या बाया हसल्या, पण झिलाला. त्याआधी फेब्रुवारीत हवेलीवर कामाला राहिलेली विणकराची पोर अ‍ॅग्नेस टेटलो वारली होती, तेव्हा तर कुणी हसलंही नव्हतं आणि रडलंही नव्हतं. डॉक्टरने कागदावर 'अशक्तपणा' लिहिलं. गिरणीतली पोर फिकट पडली तर कापसाची धूळ छातीत गेली म्हणायचं, आणि दुकानदाराची पडली तर शिष्टाचार आला म्हणायचा. क्रॉडेनमध्ये रक्त जायच्या एवढ्याच दोन वाटा लोकांना ठाऊक होत्या. अ‍ॅग्नेसला न्हाऊ घालून पांढरं नेसवलं ते झिलाने. गळा तिने पाहिला होता. बाहेर उभ्या असलेल्या पिलिंगबाई म्हणाल्या होत्या, "बाई गं, प्रेत असून किती उच्च कुळातली दिसते!"

झिलाची नात लेटी सतरा वर्षांची. ओल्या चादरीचा पिळा ती एकटी घालायची, हसली की तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचं, आणि ओटच्या चार भाकऱ्या खाऊन पाचवीकडे बघायची. ऑगस्टमध्ये एका मंगळवारी हवेलीवर गाठोडं पोचवून ती परत आली आणि बाह्या सरसावत म्हणाली, "आजी, आज खुद्द लॉर्डसाहेब भेटले. म्हणाले, तुझ्या गालांवर काय सुरेख रंग आहे."

झिलाच्या हातातली इस्त्री थांबली. "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कपड्यांच्या सोड्याने होतं, सरकार. तुम्हीही लावून बघा."

"शहाणी माझी. आणि?"

"म्हणाले, उद्या घरी येऊन तुझ्या आईशी बोलतो."

चुलीपाशी हॅना उभी होती. तिचा चेहरा असा उजळला, की झिलाला धडकी भरली. हॅनाचा नवरा, म्हणजे झिलाचा धाकटा, बॉयलर फुटून गेला तेव्हा लेटी पाच वर्षांची होती. तेव्हापासून हॅनाला एकच ध्यास: पोर या वाफेतून बाहेर पडावी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. उंच टोपी, काठी, काळे हातमोजे, आणि धुराच्या अंधारात रस्त्याच्या मधोमध असा चालला, जणू सगळं गाव त्याच्यासाठीच काळवंडलंय. पायरीशी थांबला. पायरी झिलाने सकाळीच पिवळ्या दगडाने घासली होती. तो तिच्यावर पाय ठेवीना.

"आत बोलावणार नाही का?" तो गोड आवाजात म्हणाला.

हॅनाने तोंड उघडलं, तोच झिला दारात आडवी आली, हातात ओलं पोतेरं. "पायरी ओली आहे, सरकार."

"मी थांबेन."

"आमच्यात पुढल्या दाराने फक्त मयत जातं. तुम्हाला कसं घेऊ त्या दाराने? लोक काय म्हणतील?"

त्याचे ओठ किंचित हलले. "आपल्या नातीला मी हवेलीवर ठेवून घेऊ इच्छितो. वाचन, संगीत, चालणं-बोलणं. अशी टवटवीत मुलगी फार दिवसांत पाहिली नाही."

"खाते ना ती. रक्ताची सॉसेज खाते, दर शनिवारी. आम्हीपण रक्त खातो, सरकार, पण डुकराचं. कांदा, ओट आणि मीठ घालून, आणि त्या डुकराच्या आईला भलतंसलतं सांगत नाही आम्ही."

"आई!" हॅना मागून पुटपुटली.

तो मात्र हसला. त्याला म्हातारीचं बोलणं गमतीचं वाटत होतं, जसं मोठ्या लोकांना पोपटाचं वाटतं. "मला तुमचं गाव आवडतं, बाई. माणसं रोखठोक आहेत. आणि हवा! माझ्या दक्षिणेतल्या गढीवर ऊन इतकं, की जीव नकोसा व्हायचा. इथे कसं, बाराही महिने कातरवेळ."

बावन्न वर्षांत क्रॉडेनच्या धुराची स्तुती करणारा माणूस झिलाने पाहिला नव्हता. घरोघरच्या बायका वाळत घातलेल्या कपड्यावर काजळीचा ठिपका पडला की शाप देत. आणि हा त्या धुराकडे असा बघत होता, जसं तान्हं आईच्या पदराकडे बघतं.

तिला तळाच्या कप्प्यातली बाही आठवली. आणि ती बाही कधी आली होती, तेही. गुड फ्रायडेला गिरण्या एक दिवस बंद होत्या आणि संध्याकाळी पाव तास, जेमतेम, ऊन पडलं होतं. तिला नक्की आठवत होतं, कारण ती पिलिंगबाईंची लेस उन्हात टाकायला अनवाणी अंगणात धावली होती. पाव तासाचं फिकट ऊन, आणि बाही आतून कोळसा.

झिलाने पोतेरं खाली ठेवलं. पहिल्यांदाच तिने त्याला वाकून नमस्कार केला, गुडघे कुरकुरले.

"सरकार, आमच्या गरिबांचीही रीत असते. पोर मागायला सोमवारी यावं लागतं, दुपारी बारा वाजता, मागल्या दारी, धुणीघरात. पुढच्या सोमवारी या. मी स्वतः आत बोलावते."

"सोमवारी बारा," तो म्हणाला, आणि टोपीला बोट लावून धुरात निघून गेला.

तो पुढचा सोमवार वेक्सचा होता.

हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण क्रॉडेनमध्ये हे कुणी कुणाला सांगत नाही. वर्षातून एकदा, वेक्सच्या सुट्टीला, शनिवारी दुपारी, चौतीसही गिरण्यांच्या भट्ट्या विझवतात, बॉयलर आतून खरवडतात, आणि आठ दिवस सगळं गाव आगगाडीत बसून समुद्रावर जातं. पोटातलं पोरसुद्धा जाणतं. पण गिरणी कधी बंद असते हे विचारायला गिरणीतली माणसं माणसं वाटावी लागतात, आणि नऊशे वर्षांत डेव्हरली घराण्याला तशी गरज पडली नव्हती. नोव्हेंबरात आलेल्या त्याने ऑगस्टचं क्रॉडेन पाहिलंही नव्हतं. रविवारी तो चर्चच्या घंटेला घाबरून आपल्या शवपेटीबाहेर निघत नसे.

तो येऊन गेला त्या रात्री हॅना रडली. "तुम्हाला तिचं भलं झालेलं बघवत नाही. तुम्ही धुणं धुतलंत, मी धुतलं, तिनेही तेच करायचं?"

झिलाने आरडाओरडा केला नाही. तिने हवेलीचं न धुतलेलं गाठोडं उघडलं आणि एक शर्ट सुनेच्या हातात दिला. "हुंग."

"काय?"

"माझा पोरगा गेला तेव्हा त्याचा सदरा तू वर्षभर धुवू दिला नाहीस मला. रोज रात्री तोंडाशी घेऊन झोपायचीस. मी काही बोलले का? आता हा हुंग."

हॅनाने शर्ट नाकाशी नेला. गळ्याशी हुंगलं, मग बगलेत. पुन्हा हुंगलं. तिचे डोळे सासूकडे वळले.

"यात कुणीच नाही, आई," ती कुजबुजली.

"दिवसभर अंगात घातलाय तो त्याने," झिला म्हणाली. "आता सांग, पोर कुणाला देतेस?"

शनिवारी भट्ट्या विझल्या. पिलिंगबाई आरबेलाला छत्रीखाली बसवून समुद्रावर गेल्या, त्यांच्या मागोमाग उरलेलं गाव गेलं. रविवारी धुराचं छत आधी पिवळं पडलं, मग विरलं, मग टेकड्या दिसू लागल्या. सोमवारी सकाळी आभाळ असं निळं निघालं, की झिलाला ते कुणीतरी नीळ जास्त घातल्यासारखं वाटलं. दरवर्षी या आठवड्यात ती गावभरच्या चादरी एकदमच धुवायची. वर्षात याच दिवसांत पांढरं पांढरं राहायचं. धुणीघरामागच्या मैदानात लेटीने साठ चादरी लावल्या. उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"तू पार टोकाला उभी राहा," झिला तिला म्हणाली. "मधे पळून यायचं नाही. मी हाक मारली तरी."

"तो मला धरेल, आजी?"

"चाळीस पावलं आहेत. आणि तो कधी चाळीस पावलं स्वतःच्या कामासाठी धावलेला नाही." पण नातीच्या डोक्यावरचा रुमाल बांधताना तिला गाठ मारता येईना. ती शेवटी लेटीनेच मारली.

धुणीघराच्या खिडक्यांना झिलाने ओली घोंगडी टांगली, दोन्ही हंड्यांखाली जाळ केला. आत वाफेचा आणि अंधाराचा गोळा झाला. बारा वाजता हवेलीची बग्गी मागल्या बोळातून येऊन गाठोडी उतरवायच्या पडवीत शिरली. पडदे घट्ट ओढलेले. गाव दिसू नये म्हणून ते नेहमीच ओढलेले असत, आणि हवेलीच्या दारालाही ती छपराखालीच लागे. गाडीवान दक्षिणेतला, म्हातारा. साऱ्या वाटेने त्याने तोंड वर करून ऊन खाल्लं होतं. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा त्याला लॉर्डसाहेबांचा हुकूम होता, आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"या, सरकार. या आत," झिला म्हणाली.

तो आत आला. त्याच्या मागे हॅनाने दार लावलं आणि पाठ लावून उभी राहिली. तो वाफेत दोनदा वळला, खूश होता.

"मुलगी कुठे आहे?"

"बसा तरी. चहा घ्या."

"मी चहा घेत नाही." आता आवाजातला गोडवा गेला होता. "तुम्ही मला आत बोलावलंत, बाई. आता मी कुठे बसायचं आणि काय घ्यायचं ते मी ठरवणार." त्याने झिलाच्या सुरकुतलेल्या गळ्याकडे पाहून नाक मुरडलं. "तुमच्यात तर साबणाचं पाणी असेल."

"खारं पाणी," झिला म्हणाली. "डाग काढायला तेच लागतं."

तेवढ्यात बाहेर लेटी हसली. तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचं तसं. आणि ओरडली, "इकडे, सरकार! मी चादरी वाळत घालतेय!"

त्याची मान आवाजाकडे वळली, जशी कुत्र्याची हाडाकडे वळते. मैदानाकडच्या दाराला त्याने झिलाला हातही लावू दिला नाही. स्वतःच कडी काढली, स्वतःच दार ढकललं, आणि चार पावलं भरभर टाकली. मग थांबला.

आभाळभर ऊन त्याच्यावर पडलं होतं, आणि वरून कमी होतं म्हणून की काय, साठ चादरी ते चारी बाजूंनी त्याच्यावर फेकत होत्या. तो मागे फिरला, पण दार झिलाने लावून घेतलं होतं आणि ती दारापुढे उभी होती, कमरेवर हात ठेवून. टोपीखालून धूर निघू लागला. हातमोजे आतून पेटले. त्याने एका चादरीत स्वतःला गुंडाळलं, ओली असेल अशा आशेने. ती खडखडीत वाळली होती, वेक्सच्या उन्हात वाळतात तशी. आरशात कधी न दिसलेला त्याचा चेहरा त्या पांढऱ्यावर काळा उमटला. तो गुडघ्यांवर आला, मग कमरेपर्यंतच उरला. जे गळून पडत होतं त्याची काजळी होऊन ती वाऱ्यावर निघाली आणि पहिल्या रांगेतल्या अकरा चादरींवर जाऊन बसली.

लेटी टोकाला उभी होती तशीच उभी होती. गाल तांबडेच होते.

झिला त्याच्याजवळ गेली. डोळे अजून उघडे होते, ऐकत होते. तिने आधी चादरींकडे पाहिलं, एकेक करून, अकराही. मग त्याच्याकडे.

"हे बघ, मेल्या," ती म्हणाली, "वर्षभर मी गिरण्यांची काजळी धुते, पण ती तरी कुणाच्या घामाची असते. तू नऊशे वर्षं दुसऱ्यांच्या पोरींवर जगलास, एक फडकं स्वतः पिळलं नाहीस, आपली जळकी बाही माझ्या माथी मारलीस, आणि आता मरतोस तेही माझ्या धुतलेल्या कपड्यांवर. लॉर्ड कसला तू? डाग आहेस नुसता. आणि माझ्याकडे आजवर न निघालेला डाग आलेला नाही."